पंचकल्याणी उंदराचे मालक

आमच्या घरमालकांनी मला खोली देण्याआधी चालून दाखवायला लावलं होतं.

संगमनेरच्या एका कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि खोलीसाठी उन्हातान्हात वणवण करून झाली होती. बाकीच्या मालकांनी माझी जात, जेवण, येणारेजाणारे असं सगळं खोदून खोदून विचारलं होतं. हे गृहस्थ ओट्यावर मांडी घालून बसलेले, खांद्यावर उपरणं, गालात सुपारी. म्हणाले, "म्याडम, तेवढं फाटकापत्तूर जाऊन या." मला वाटलं, फाटक उघडं राहिलं असेल. लावून आले. "आता पुन्यांदा. घाई न्हाई." मी पुन्हा गेले, पुन्हा आले. तेव्हा त्यांनी घरात तोंड करून हाळी दिली, "अगं ए, चाल सरळ हाय. देऊन टाकू खोली!" आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज आला, "दात बी बघा म्हनावं आता." दात काही बघितले नाहीत, पण भाड्याचं बोलणं होईपर्यंत मी तोंड मिटूनच बसले होते.

मालकांचा सगळा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला होता. लोणी, काष्टी, घोडेगाव, जिथे बाजार तिथे हे. मग ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले आणि मालक घरी बसले. नजर मात्र घरी बसेना. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते मनातल्या मनात बाजारात उभं करत. वीज मंडळाचा माणूस त्यांच्या मते "मारका" होता. समोरचे निवृत्त हेडमास्तर "खांद्याला मजबूत, पण मधेच बसकन मारनारे". मी जुनी राखाडी गाडी विकत घेतली तेव्हा तिला प्रदक्षिणा घालून ते म्हणाले, "कोसा रंग. चांगला असतो. मळकट दिसत न्हाई." कोसा म्हणजे पांढऱ्यावर राखाडीची झाक असलेला बैल. तेव्हापासून त्या गल्लीत माझ्या गाडीला सगळे कोसाच म्हणायला लागले, गॅरेजवालासुद्धा.

रंगाच्या बाबतीत ते भलतेच कडक होते. नुसतं लाल, काळं, पांढरं म्हणणारा माणूस त्यांना अडाणी वाटायचा. लाल म्हणजे काय? तांबडा का शेंदरी? पांढरा म्हणजे ढवळा का कोसा? आईच्या पोटातून पडलेलं वासरू बघून ते मोठेपणी कुठल्या रंगाचं होणार हे ते सांगत आणि बाजार ते मान्य करी. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रंग दगा देत न्हाई, म्याडम. दगा मानूस देतो." हे वाक्य ते दूधवाल्यालाही ऐकवत आणि मलाही. काकू तिथे असल्या की मात्र त्या उठून आत जात. का जात, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

तर उंदीर कसे आले ते सांगते. माझ्या शेजारच्या खोलीत औषध कंपनीत काम करणारा एक पोरगा राहायचा. त्याची एकाएकी बदली झाली आणि तो जाताना एक पिंजरा जिन्यात तसाच ठेवून गेला. फोन केला तर म्हणाला, "तुमच्याकडेच ठेवा, फार गोड आहेत." काकूंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि किंचाळल्या, "अवो, उंदीर! रानात सोडून या आधी!" मालकांनी पिंजरा उचलला आणि फाटकापर्यंत गेले. तिथे ऊन होतं. उन्हात त्यांनी सहज खाली पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"म्याडम," ते पिंजऱ्यावरची नजर न काढता म्हणाले, "माजा चष्मा आना."

चष्मा आणला. ते तिथेच उकिडवे बसले. पिंजऱ्यात एक हरणासारख्या रंगाची मादी होती, पाठ सोनेरी आणि पोट पांढरं. आणि तिच्यामागे एक काळाभोर नर. त्याचे चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा ठिपका, वर शेपटीचं टोकही पांढरं.

"पंचकल्यानी," मालक म्हणाले. "अगं ए, पंचकल्यानी आलाय दारात!"

चार पाय आणि कपाळ पांढरं असलेलं जनावर म्हणजे पंचकल्याणी. घोडा असो, म्हैस असो, असं जनावर घरात येणं हे फार शुभ. मालकांनी आयुष्यभर अशी जनावरं एकाच्या दावणीतून सोडून दुसऱ्याच्या दावणीला बांधली होती. दलालाच्या स्वतःच्या दावणीला काही मुक्काम करत नाही, ही खंत ते अधूनमधून बोलून दाखवत. आणि आता ते शुभ जनावर बोटभर उंचीचं होऊन, बाजरीचा दाणा दोन हातांत धरून त्यांच्याकडे टकामका बघत होतं. उंदीर रानात गेले नाहीत. पिंजरा ओट्यावरच्या कोपऱ्यात आला, वर सावलीला पोतं आलं, आणि मालकांनी त्या कोपऱ्याला गोठा म्हणायला सुरुवात केली.

गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की ही जर्बिल नावाची जात आहे, मूळची मंगोलियाकडची, कोरड्या मुलखातली. "म्हंजी काटक हाय," मालक खूश झाले. मालकांच्या पुण्याच्या नातवानं मोबाईलवर जर्बिलच्या रंगांची परदेशी नावं पाठवली. त्यातल्या एका रंगाचं नाव होतं नटमेग. मी सांगितलं, नटमेग म्हणजे जायफळ. मालकांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "जायफळाचा रंग? अख्ख्या जायफळाचा का किसलेल्या? ह्यांनी बाजार बघितला न्हाई कदी." मग त्यांनी सगळ्या यादीचं आपल्या पद्धतीनं बारसं केलं. सोनेरी तो हरणा. ठिपक्याठिपक्यांचा तो कबरा. फिकट राखाडी तो कोसा, माझ्या गाडीच्या नात्यातला. पंचकल्याणी नराला मात्र त्यांनी नाव ठेवलं नाही. "त्याला तोलामोलाचं नाव पायजे. घाई न्हाई," म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी तर कहर झाला. मालकांनी पिंजऱ्याला झेंडूची माळ घातली, गजांना बैलांच्या शिंगांना लावतात तसा तांबडा हिंगूळ लावला आणि पिंजरा डोक्यावर घेऊन मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालायला निघाले. पुढे चार-पाच बैलजोड्या, मागे फुगे लावलेले ट्रॅक्टर, मधे आमचे मालक. पंचकल्याणी मागचे पाय आपटून धडाधड ताशा वाजवत होता. ही जर्बिलांची घाबरल्यावरची खूण आहे, पण मालक मिशीवर हात फिरवत लोकांना सांगत होते, "बघा, खूर कसा मारतो!" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. देवळाजवळचे लोक तर हसता हसता पारावर बसले. मालकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

घरी परत आल्यावर काकूंनी पुरणपोळीचा कण पिंजऱ्यात टाकला आणि निरांजन घेऊन ओवाळायला उभ्या राहिल्या. ओवाळता ओवाळता एकदम म्हणाल्या, "उंदरान्ला ओवाळते मी. सख्ख्या भावाला ओवाळलं न्हाई इतकी वरसं." आणि तबक तिथेच ठेवून आत गेल्या. मालक सुपारी कातरत बसले, पण सुपारी कातरून झाल्यावरही अडकित्ता चालूच होता.

त्या दिवशी मी काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि मला सगळं कळलं. काकूंचा थोरला भाऊ भागाजी, देवळाली प्रवरेचा. मालकांचा तो बाजारातला जोडीदार. दोघं मिळून दलाली करायचे, एका ताटात जेवायचे, आणि त्या दोस्तीतूनच काकू या घरात आल्या. भागाजींच्या गायीला गोऱ्हा झाला, अंगभर शेंदरी. मालकांकडे एक शेंदरी बैल होता आणि त्याला जोड मिळत नव्हता. सगळ्या बाजारासमोर ते बोलून गेले, "ह्यो मरेपत्तूर शेंदरी ऱ्हानार. भागाजी, वाढव त्याला. माजा जोड झाला." मग मालकांचा पाय मोडला आणि बरेच महिने ते घराबाहेर पडले नाहीत. बरे होऊन काष्टीच्या बाजारात गेले तर भागाजींनी आणलेला गोऱ्हा बगळ्यासारखा पांढरा. मालक भर बाजारात म्हणाले, "जनावर बदललंस तू." भागाजींनी शपथा घेतल्या. मालक म्हणाले, रंग दगा देत नाही, दगा माणूस देतो. भागाजींनी गोऱ्ह्याचं दावं धरलं आणि निघून गेले. जाताना बजावून गेले, "माज्या दारात येऊन चुकलो म्हनशील तवाच बहिनीला घिऊन ये."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. भाऊबीजेला चंद्राला ओवाळते मी," काकू म्हणाल्या. "दादाचं लई वय झालंय आता, पोरी. आन ह्यांचं बी."

मला मालकांचा भयंकर राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांनी काकूंना विचारलं म्हणे, "म्याडम बुजल्यात का?"

हे असंच चालू राहिलं असतं. पण हरण्या मादीला पिल्लं झाली. बाकीची हरणी आणि काळी, पण त्यातलं एक मात्र अंगभर शेंदरी निघालं, शेपटीपासून नाकापर्यंत. मालकांनी ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग ओट्यावरून, रस्त्यानं जाणाऱ्यायेणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो मरेपत्तूर शेंदरी ऱ्हानार. लिहून घ्या." काकूंच्या हातातलं सूप थांबलं. मी काही लिहून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं.

पिल्लू जरा मोठं झाल्यावर मालकांनी ती चूक केली. बैल घेताना त्याची शेपटी पिळून बघतात, किती चपळाईनं उसळी मारतो ते. मालकांनी सवयीनं शेंदरी पिल्लाची शेपटी चिमटीत धरली. जर्बिलला शेपटीनं धरायचं नसतं हे त्यांना काय ठाऊक! पिल्लानं उसळी मारली खरी, पण शेपटीच्या टोकाचा झुबका मालकांच्या चिमटीतच राहिला. मालकांचा चेहरा पार उतरला. हळद आणली, डॉक्टरांना फोन लावला, पिल्लाची हात जोडून माफी मागितली. शेपटी बरी झाली, पण आखूडच राहिली. पिल्लाचं नाव पडलं बांडा. दहा गावांच्या उंदरांत उभा केला असता तरी बांडा वेगळा ओळखू आला असता. हे आपलं लक्षात ठेवा.

कारण पुढे थंडी सुरू झाली आणि बांडा फिका पडायला लागला.

आधी डोळ्यांभोवती. मालक म्हणाले, धूळ बसलीय. मग पोटाकडून वर पांढरं चढायला लागलं. मालकांनी पेंड बदलली, जागा बदलली, उन्हाकडून सावलीकडे आणि सावलीकडून उन्हाकडे नेलं. एके सकाळी पाहतात तो पाठही दुधासारखी. मालक ओट्यावर उभे राहून गरजले, "कुनी बदलला?"

मग घरात जी चौकशी सुरू झाली ती काय सांगू! पहिला संशय माझ्यावर. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर असतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी गणित शिकवते, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. मग दूधवाला. मग समोरचे हेडमास्तर, कारण ते पोळ्याला सगळ्यात जास्त हसले होते. पिंजऱ्याला कुलूप आलं आणि किल्ली मालकांच्या करदोट्याला. ते जेवताना, पूजा करताना, दाढी करतानाही एक डोळा पिंजऱ्यावर ठेवून असत, त्यामुळे गालावर दोनदा कापलं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच कुलपात, बांडा आणखी पांढरा होत गेला. शेवटी नाकाचा शेंडा आणि उरलेली शेपटी तेवढी तांबूस राहिली.

नातवाला विचारलं तेव्हा त्यानं लगेच सांगितलं, "आजोबा, असा एक रंग असतोच. पिल्लू असताना केशरी, मोठं झालं की आपोआप पांढरं पडतं." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. काकू दारात उभ्या होत्या.

मालकांनी कुलूप काढलं, बांड्याला तळहातावर घेतलं, आखूड शेपटीवरून एक बोट फिरवलं. "ह्योच हाय तो," ते हळूच म्हणाले. "माज्याच हातानं बांडा केलाय." थोड्या वेळानं म्हणाले, "म्याडम, तुमचा कोसा देवळालीपत्तूर चालंल का?"

काकू लुगडं बदलायला धावल्या. इतक्या चपळाईनं त्यांना चालताना मी आधी पाहिलं नव्हतं.

लोणी, कोल्हार करत आम्ही निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की मालकांना बरंच वाटत असावं, कारण हॉर्न वाजवू नका म्हणत होते. मांडीवर पिंजरा, त्यात बांडा. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. मी आरशातून पाहिलं. 'चुकलो' हा एकच शब्द ते घोळवून बघत होते, जन्मात कधी न चाखलेला पदार्थ चाखावा तसा.

भागाजी उसाच्या कडेला, घराच्या अंगणात बाजेवर बसले होते. मालकांइतकेच म्हातारे, मालकांसारखंच उपरणं. बहीण दिसताच उठू लागले, मग मागे मालक दिसले तसे पुन्हा बसले. "या पाव्हणं," म्हणाले, अगदी परक्यासारखं. "बसा. पानी घ्या."

मालक बसले नाहीत. त्यांनी पिंजरा बाजेवर ठेवला. "ह्यो जलमला तवा शेंदरी हुता," म्हणाले. "मी सांगितलं हुतं, मरेपत्तूर शेंदरी ऱ्हानार. माज्याच घरात, माज्याच कुलपात ढवळा झाला." घसा खाकरला. "भागाजी, मी चुकलो."

भागाजींनी पिंजरा जवळ ओढला. चष्मा लावला. बांड्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, शेपटी पाहिली, पिंजरा फिरवून पुन्हा पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्यो तो न्हाई. जनावर बदललंस तू."

मालकांचं तोंड उघडं पडलं. "आरं, शपथ घेतो..."

"रंग दगा देत न्हाई," भागाजी म्हणाले. "दगा मानूस देतो."

मालकांचे कान लाल, म्हणजे त्यांच्या भाषेत शेंदरी झाले होते. आणि तेवढ्यात भागाजींच्या पोटातून हसण्याचा असा काही लोट आला की बाज करकरायला लागली. हसता हसता त्यांनी मालकांचा हात ओढून त्यांना शेजारी बसवलं. काकू पदर डोळ्यांना लावून हसत होत्या, का रडत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी मात्र खिदळतच होते.

हसू ओसरल्यावर मालकांनी विचारलं, "त्या बैलाचं काय झालं रं?"

"इकला न्हाई," भागाजी म्हणाले. "कुनाला इकनार? त्याच्यापायी माजी बहीन गेली हुती. इथंच ऱ्हायला. लई गुनाचा, पन हट्टी. वळायचं म्हनलं की सरळ जायचा." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला तुजंच नाव ठिवलं हुतं. रोज सकाळी शिव्या घालायला सोयीचं पडायचं."

भागाजींनी अंगणाच्या कडेच्या कडुलिंबाकडे बोट केलं.

"म्हातारा हून गेला. त्या लिंबाखाली पुरलाय. पोरं म्हनत्यात, आबा, ज्याचा इतका राग त्याच्या नावाच्या बैलासाठी इतकं कसं रडता?"

मालकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भागाजींच्या मांडीवर टाकलं. मग स्वतःचा हात त्याखाली घातला. बाजारात भाव ठरवतात तसा, कापडाखाली, बोटं धरून, कुणाला दिसू नये म्हणून. भागाजींनीही हात आत घातला. कापड जरा हललं आणि मग हलायचं थांबलं. दोघंही लिंबाकडे बघत होते. काकूंनी भावजयीकडून निरांजन मागून आणलं, तेव्हा ओवाळण्यासाठी भागाजींना वळायला सांगावं लागलं. वळले, पण हात उपरण्याखालीच ठेवून.

बांडा तिथेच राहिला. भागाजी त्याला सोडायलाच तयार नव्हते. परत येताना मी विचारलं, "मालक, उपरण्याखाली काय ठरलं?" ते म्हणाले, "बाजारातली गोष्ट बाजारात, म्याडम." आणि कोल्हार येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत डोळे पुसत राहिले, धूळ लई हाय म्हणत.

घरी पोचल्यावर चपला न काढता ते तडक गोठ्यापाशी गेले. पंचकल्याणी बाजरी खात बसला होता, चारी पाय पांढरे, कपाळावर टिळा, अजून बिननावाचा. मालक पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "भागाजी, ए भागाजी! मेल्या, नुसता खात काय बसलास? इतक्या वरसांनी आलोय, वळख तरी दे!"